कोरडा विल्यम

आमच्या गावात आडनावं चारच.
फ्लेट, कूल, स्लेटर,
आणि टेकडीपलीकडून घरजावई आलेला एक बिचारा मरे.
मी टपाल वाटायचो तेव्हा बंदराच्या एका आळीत
विल्यम फ्लेट नऊ होते.
नऊ दारं, आणि हातात विजेचं बिल एक.

म्हणून टोपणनावं.
लोणी विल्यम. शिट्टी विल्यम.
बिशप विल्यम, ज्याची समुद्रावर मोठी पंचाईत,
कारण होडीत चर्चमधल्या कुणाचं नाव घेतलं
तर हेरिंग जाळ्याकडे पाठ फिरवते.
बंदर सुटलं की त्याला नुसतं 'तो' म्हणायचे.
सरकारी वहीत यातलं काही सापडत नाही.
ते आमच्या तोंडात असतं, आणि तोंडं आता सात उरलीत.

लॉर्ना आली ओंटारिओहून, जूनमध्ये,
इथल्या वाऱ्याला हसू येईल असा पातळ रेनकोट घालून.
आजोबांचा शोध घेत होती.
जन्म अमुक साली, नाव विल्यम फ्लेट.
"कुठला?" आम्ही सातही जण एकदम.
तिला वाटलं, आम्ही चेष्टा करतोय.

चर्चमागच्या खोलीत चहा झाला.
जीनी कूलला आठवलं, तो उंच होता.
तिच्या भावाला आठवलं, बुटका.
मग बायकांनी पाठीवरून नवऱ्यांना होडीत नेण्याची गोष्ट निघाली:
थंडगार पाण्यात कमरेपर्यंत उतरायचं,
गडी पाठीवर, त्याचे बूट कोरडे राहावेत म्हणून.
ओल्या बुटांनी आठवडाभर समुद्रावर कसं काढायचं?
"माझ्या आईनं नेलंय," जीनी म्हणाली,
"पोटात मी, पाठीवर बाप."
सगळे हसले. लॉर्नानं वहीत लिहून घेतलं.

मग तिनं पिशवीतून पाकिटं काढली.
अकरा. सुतळीनं बांधलेली, न फोडलेली,
कॅनडाहून इकडे आलेली, इथून परत गेलेली.
प्रत्येकावर पत्ता: एल्सपेट फ्लेट, कोरड्या विल्यमचं घर.
आणि त्यावर आडवं, जांभळ्या शाईत: नाकारले.

ते अक्षर माझ्या वडिलांचं.
'न'चा पाय ते असाच ओढायचे,
जसा शेवटी शेवटी स्वतःचा.

"एल्सपेट त्यांची बहीण असणार," लॉर्ना म्हणाली.
खोलीत बशीवर चमचा ठेवल्याचा आवाज झाला.
जीनीनं खिडकी पाहिली. भावानं टोपी.
आमच्या गावाला आठवतं पुष्कळ;
काय आठवायचं नाही, तेही आम्हाला एकत्रच ठाऊक आहे.

एल्सपेटचं दार मला माहीत होतं, निळं.
वडिलांबरोबर मी सहा वर्षांचा असताना उभा होतो तिथे.
बोटांना चिंध्या बांधलेल्या, मीठ लागू नये म्हणून;
मासे चिरायला यार्मथला निघालेली ती बाई
पाकिटाकडे न बघता म्हणाली होती,
"इथं कुणी कोरडा राहत नाही."
वडील पायऱ्या उतरले. घरी आले.
दौत उघडली.

आजोबांचं तिकडे लग्न झालं, लॉर्नाची आई झाली.
त्या आधी इकडे एक बाई
त्यांना तेवीस आठवडे पाठीवर घेऊन पाण्यात उतरली,
आणि चोविसाव्या आठवड्यात ते रेल्वेनं गेले,
त्याच बुटांनी.

हे सगळं मी सांगितलं का?
तिला बंदरापर्यंत घेऊन गेलो. ओहोटी होती.
म्हटलं, कोरडा म्हणजे काय ते दाखवतो,
आणि पायाखालचे गोटे दाखवले,
होड्या कुठे लागायच्या ते, बाया कुठून उतरायच्या ते.
"बहीण नव्हे," एवढं म्हणालो.
ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.
मग बूट काढले तिनं, मोजेही,
आणि त्या थंडीत पोटऱ्यांपर्यंत आत गेली.

परतताना धक्क्यावर जीनीचा भाऊ भेटला.
त्यानं तिचे निळे पडलेले पाय पाहिले,
टोपीला हात लावला,
आणि नाव न विचारता म्हणाला,
"निघालीस का, कोरडे?"